सेजलची अकरा कॉलेजं

माझ्या रागाला औषध नाही, हे पोलादपूरच्या बाजारात कुणालाही विचारा. एसटी स्टँडसमोर माझं सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, आधार, परीक्षांचे फॉर्म, सगळं करते. अर्धवट कागद घेऊन आलेल्या माणसाला आधी चार शब्द ऐकवते आणि मग त्याचं काम करून देते. लोक ऐकून घेतात, कारण वैशालीबाईने भरलेला फॉर्म परत येत नाही. चौदा वर्षांत एकही आला नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचे. गेल्या वर्षापासून सांगत नाही.

सेजल माझी भाची. माझ्या धाकट्या भावाची, मुरारी पार्टेची, एकुलती एक मुलगी. वर डोंगरात आमची वाडी आहे, वीस-बावीस घरांची. निम्म्या घरांना कुलूप, माणसं मुंबईला. मुरारी महाड आगारात कंडक्टर म्हणून लागला, म्हणून गावात टिकला. सेजल अंगाने काडी, बोलणं मोजकं. सकाळी सहा-चाळीसच्या गाडीने महाडला कॉलेजला जायची आणि संध्याकाळी परत येऊन पुस्तकं ठेवली की थेट शेजारच्या चंद्रभागाकाकीच्या ओटीवर.

काकीला साखरेचा आजार. घोट्याजवळ जखम झालेली, ती भरता भरेना. उपकेंद्राची सिस्टर आठवड्यातून एकदा वर यायची. एकदा तिने सेजलला दाखवलं, हात कसे धुवायचे, पाणी किती उकळायचं, बोळा कसा धरायचा, पट्टीची गाठ घोट्याच्या बाजूला का घ्यायची. त्या दिवसापासून पोरीने काकीचा पाय आपल्याकडे घेतला. तेव्हा ती दहावीत होती. मी एकदा बघायला बसले आणि वासाने पदर नाकाला लावला, तर म्हणाली, "आत्या, तू बाहेर बस. काकीला वाईट वाटतं." मला! पण बोलली ते बरोबर होतं, गप बाहेर जाऊन बसले.

अशा पोरीने नर्सिंगला जायचं म्हटलं तर त्यात नवल काय? बारावीला चांगले गुण पडले, नर्सिंगच्या सीईटीला शंभरात एकाहत्तर. तिच्या मनात मुंबईचं सरकारी कॉलेज होतं. बीएस्सी नर्सिंग, चार वर्षं, डिग्री. मला तिने हे एकदाच सांगितलं होतं, तेही हळूच.

आता जिथे माती खाल्ली ते सांगते.

कॉलेजांचे पर्याय क्रमाने भरायचे होते. मुरारी ड्यूटीवरून उतरून केंद्रात आला, खाकी शर्टातच. मागे सेजल. आम्हा भावा-बहिणीचं तेव्हा सहा महिने धड बोलणं नव्हतं. त्याच्या रेशनकार्डाच्या कामात त्याने घोळ घातला होता आणि मी त्याला चार माणसांत, "मुरारी, तिकिटं फाडायला अक्कल लागत नाही, कागदाला लागते," असं बोलले होते. उचलली जीभ लावली टाळ्याला. तो राग त्याच्या पोटात होताच. त्याने घडी केलेला कागद माझ्यासमोर ठेवला. अकरा कॉलेजं, एकाखाली एक, आकडे घालून, सुवाच्य अक्षरात.

"जसं लिव्हलंय तसंच भर ताई. तुझं शहाणपण नको."

मी यादी वाचली आणि मला लगेच कळलं. माझ्या भावाने कॉलेजं टप्प्याने लावली होती! महाडपासून सर्वांत जवळचं ते पहिलं, मग त्याच्या पुढचं, मग पनवेलची दोन, मग ठाण्याची, आणि मुंबईचं सरकारी दहाव्या नंबरला. बावीस वर्षं ज्याने तिकीट मशीनवर जवळचा टप्पा आधी आणि लांबचा नंतर असं बघितलं, त्याला यादी म्हणजे तीच. त्याला वाटलं, जिथे जागा मिळेल ती सगळी कॉलेजं आपल्याला दाखवतील, आणि मग आपण निवडू. यंत्र वरून खाली बघत येतं आणि पहिली जागा सापडली की थांबतं, हे त्याला कोण सांगणार?

मी सांगणार. एवढंच माझं काम होतं. पण "शहाणपण नको" हे शब्द माझ्या डोक्यात गेले. म्हटलं, बरं रे बाबा, नको तर नको. बोटं आपटत अकराच्या अकरा नावं तशीच भरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत यादी बदलता येत होती. मी मनात धरून बसले, येईल झक मारत विचारायला. तो आला नाही आणि मीही फोन केला नाही. माझ्या हयातीत इतका नीच हट्ट मी दुसरा केलेला नाही.

उठता उठता सेजल म्हणाली, "आत्या, जीएनएमचा पण फॉर्म भर ना." तो तीन वर्षांचा डिप्लोमा. मुरारी म्हणाला, "भर भर, फी भरल्येली हाय तर. पण आपल्याला काय लागायचा नाय तो." त्यात मी अलिबागचं सरकारी पहिलं टाकलं. ते मी माझ्या डोक्याने टाकलं.

यादी लागली त्या दिवशी मुरारीने आगारात पेढे वाटले. पोरगी बीएस्सीला लागली म्हणून ड्रायव्हर, कंट्रोलर, कँटीनवाला, सगळ्यांना. उरलेला पुडा घेऊन माझ्याकडे आला आणि सहा महिन्यांनी पहिल्यांदा हसून म्हणाला, "ताई, तोंड गोड कर." मी पडद्यावर बघत होते. पर्याय क्रमांक एक. महाडच्या पुढे हायवेला एक खाजगी कॉलेज आहे, नवंच निघालेलं, नाव मी घेत नाही. तेच.

"आता फुडच्या फेरीला मुंबईचं घेऊ," मुरारी म्हणाला.

"नाही घेता येणार."

"का नाय?"

मी नियम मोठ्याने वाचून दाखवला. पहिला पर्याय मिळाला असेल तर तिथेच प्रवेश घ्यायचा. नाही घेतला, तर डिग्रीच्या पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. सेजल माझ्या खुर्चीच्या मागे उभी होती. तिने वाकून माउस घेतला आणि मुंबईच्या सरकारी कॉलेजची यादी उघडली. शेवटच्या मुलीला त्रेसष्ट मार्क होते. सेजलला एकाहत्तर. मुरारीच्या हातात पेढ्यांचा पुडा तसाच उघडा होता.

यादी भरतानाच दिसलं होतं हे मी तेव्हाही सांगितलं नाही, ते पान बंद केलं.

दोन दिवसांनी जीएनएमची यादी लागली. अलिबागचं सरकारी मिळालं. आणि आमचं नशीब बघा, दोन्हीकडे हजर व्हायची शेवटची तारीख एकच, शनिवार, संध्याकाळी पाच. डिग्री घ्यायची तर ह्या हायवेच्या कॉलेजात. सरकारी दवाखाना हवा तर अलिबागला, पण डिप्लोमा. दोन्ही सोडून पुन्हा सीईटी द्यायची, तर आणखी एक वर्ष घरी, आणि त्या वर्षात मुंबईच्या नातेवाइकांकडून स्थळं येणार हे वाडीतल्या कुणालाही विचारावं लागलं नसतं. तिच्या दोन चुलतबहिणींची अशीच लग्नं उरकली होती.

मुरारीचा निर्णय झालेला होता. "डिग्री ती डिग्री. आगारात सगळी बोलतात, डिप्लोमा बंद व्हायचा हाय. मग काय करायचं पोरीनं?"

खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं. चार वर्षांची डिग्री हातात आली की पुढे वाट मोकळी. डिप्लोमावाल्यांना डिग्रीसाठी वर आणखी दोन वर्षं घालावी लागतात. शिवाय माझा गुन्हा त्यात झाकला जात होता. डिग्री तर मिळाली ना, मग यादीचं कोण काढतंय! सेजलला विचारलं तर म्हणाली, "आधी कॉलेज बघू दे."

शनिवारी आम्ही तिघं निघालो. सेजलच्या मांडीवर निळी फाइल, त्यात सगळे अस्सल कागद. मुरारीने रजा टाकलेली, पहिल्यांदाच साध्या शर्टात एसटीत बसलेला. साडेअकराला पोचलो. चार मजली काचेची इमारत, पुढे लॉन, मागे त्यांचाच दवाखाना. फाटकावर फलक, शंभर खाटांचं सुसज्ज रुग्णालय. मुरारी खूश. "बघ, हाय का नाय?"

प्रवेशाच्या खिडकीवर रांग होती. फाइल घेऊन तो रांगेत लागला. सेजल माझ्या कानाशी म्हणाली, "आत्या, वॉर्ड बघून येऊ."

दवाखान्यात शिरलो. कुणी अडवलं नाही, कारण अडवायला कुणी नव्हतंच. तुम्ही सांगा, सरकारी असो की खाजगी, दवाखाना म्हटला की कसा असतो? डबे घेऊन आलेली माणसं, रडणारं पोर, फिनेलचा वास, कुणीतरी कुणावर ओरडतंय. इथे काही नाही. आमच्या चपलांचा आवाज आम्हालाच ऐकू येत होता. पहिल्या मजल्यावर स्त्रियांचा वॉर्ड, तीस खाटा, चादरी कोऱ्या, घडीच्या रेषा मोडलेल्या नाहीत. कोपऱ्यात एक मावशी स्टुलावर बसून मोबाइल बघत होती.

"पेशंट कुठे गेले?" मी विचारलं.

"ओपीडीला गेलेत."

"तीसच्या तीस?"

मावशीने माझ्याकडे बघितलं आणि उठून बाहेर गेली.

सेजल खाटांच्या मधून चालत होती. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी केसपेपरची पाटी लटकत होती. ती एकेक वाचत पुढे गेली आणि अकराव्या-बाराव्या खाटेशी थांबली. बराच वेळ हलेना, म्हणून मी गेले.

चंद्रभागा पार्टे. वय सत्तर. तालुका पोलादपूर. ताप व अशक्तपणा. खाली सात दिवसांचा तक्ता, सकाळ-संध्याकाळ ताप, नाडी, रक्तदाब, निळ्या पेनने भरलेला. शेवटी सुधारणा, घरी सोडले.

"काकी सात दिवस कधी गेली होती?" मी म्हटलं.

"एक दिवस गेली होती. आषाढात. शिबिराला."

मलाही आठवलं. मोफत आरोग्य तपासणी शिबिर असा फलक लावलेला टेम्पो आमच्या भागातल्या वाड्यांवर फिरला होता. म्हाताऱ्या-कोताऱ्यांना घेऊन गेला आणि अंधार पडताना आणून सोडलं. सगळी म्हणत होती, भली माणसं आहेत.

मी तिथेच मुरारीच्या बायकोला फोन लावला आणि म्हटलं, काकीला दे. काकीला कमी ऐकू येतं, आमचं बोलणं वॉर्डभर घुमत होतं.

"काकी, तू शिबिराला गेली होतीस, तिथे काय काय केलं गो?"

"काय करत्यात? निजवली. येकेक खाट दिली. सायेब लोक येत्यात, डोळं मिटून पड म्हनाली. सायेब आलं, बघून गेलं. मंग जेवान दिलान. ब्येस व्हतं हां जेवान. वरान, भात, जिलबी."

सेजलने फोन माझ्या हातातून घेतला. "काकी, पायाची पट्टी कोणी सोडली?"

"कुनी नाय गो."

"पाय बघितला तरी?"

"चादर व्हती ना अंगावर. माझा पाय तूच बघतंस. तू कवा येतंस?"

"येते," असं म्हणून सेजलने फोन ठेवला. मग म्हणाली, "त्या रात्री मी पट्टी सोडली तेव्हा माझीच गाठ होती. मला वाटलं, त्यांनी बघून तशीच परत बांधली असेल. मला बरं वाटलं होतं आत्या, की आपण नीट बांधतो." पायाला सडकी जखम असलेली बाई दिवसभर दवाखान्याच्या खाटेवर होती आणि एकाही माणसाने चादर वर केली नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात मला मुरारी आठवला. फाइल त्याच्याकडे होती.

आम्ही पळालो. ह्या वयात, साडीत, जिन्यावरून मी कशी उतरले देव जाणे. ह्या कॉलेजांचा एक खाक्या मला धंद्यामुळे माहीत आहे. अस्सल कागद एकदा त्यांच्या कपाटात गेले की गेले. मधेच सोडायचं म्हटलं तर चारही वर्षांची फी मागतात, तोवर दाखला नाही, मार्कलिस्ट नाही. अशा दोन मुली माझ्या टेबलासमोर रडून गेल्या आहेत.

खिडकीवर मुरारीचा नंबर लागला होता. आत टायवाला पोरगा निळ्या फाइलमधून एकेक कागद काढून खाकी पाकिटात भरत होता. बारावीची मार्कलिस्ट गेलेली. शाळेचा दाखला त्याच्या हातात. मुरारी हमीपत्रावर सही करायला पेनाचं टोपण काढत होता.

ओरडावं असं वाटत होतं. ओरडले असते तर पाकीट आतच राहिलं असतं. मी आवाजात साखर घातली. "साहेब, एक मिनिट हं. दाखल्याच्या मागच्या बाजूची झेरॉक्स काढलीच नाही आम्ही. नंतर तुम्हालाच त्रास."

"राहू दे, आम्ही इथे काढू."

"रंगीत लागते ना पण. माझं सेवा केंद्रच आहे, मला माहितीये. मार्कलिस्टची पण राहिली. द्या, पाच मिनिटांत आणते."

तो घुटमळला. मागची रांग कुरकुरायला लागली. सेजलने खिडकीतून हात घातला आणि शांतपणे म्हणाली, "सर, माझे कागद आहेत, द्या." त्याने पाकीट दिलं. मुरारी पेन हातात धरून आमच्याकडे बघत राहिला. मी त्याचं मनगट धरलं आणि फाटकाबाहेर काढला.

"तुला याड लागलंय काय गो ताई?"

सेजलने त्याला सगळं सांगितलं. रिकाम्या खाटा, तक्ता, काकी. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा आणखी कडक होत होता. शेवटी म्हणाला, "असंल. इन्स्पेक्शनला सगळी करतात. आमच्या आगारातपन सायेब यायचा असला की गाड्या धुतात. सर्टिफिकेट तर विद्यापीठाचंच मिळनार ना?"

"पप्पा, मी इंजेक्शन कोणाला द्यायला शिकू?"

"शिकवतील की. त्यांचा ठेका हाय."

"कोणावर शिकवतील? तिथे माणूसच नाही. चार वर्षांनी माझ्या हातात डिग्री असेल आणि कोणीतरी काकीसारखी माझ्यासमोर पडलेली असेल. तेव्हा मी काय सर्टिफिकेट दाखवू तिला?"

"आन डिप्लोमा बंद झाला मंग?"

"झाला तर झाला. माझा झालेला असेल तोवर. पुढची दोन वर्षं मी नोकरी बघत करेन."

"तुला कळत नाय अजून," मुरारी ओरडला. फाटकाजवळच्या दोघा-चौघांनी माना वळवल्या. "सगळ्यांना पेढे दिलंत मी. आता काय सांगू, पोरगी डिप्लोमाला गेली? लोक तोंडात शेन घालतील. येवढं करून आपल्यालाच..." हातातल्या पेनाला त्याने टोपण लावलं. "मीच चुकलू ना त्या यादीत. म्हनून म्हनतू, निदान डिग्री तरी घे गो."

मग मात्र मला राहवलं नाही. "तू एकटा नाही चुकलास. मला दिसत होतं, मुरारी. भरतानाच दिसत होतं की मुंबईचं खाली गेलंय. तू बोललास ते मला झोंबलं आणि मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी बदलता आलं असतं, तेही केलं नाही. मार मला."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी बहीण आहे की वैरीण, असं त्याच्या डोळ्यांत होतं, आणि मला ते कबूल होतं.

"मलापण दिसत होतं," सेजल म्हणाली.

आम्ही दोघांनी एकदमच तिच्याकडे बघितलं.

"आत्याच्या मागे उभी होते मी. दहावा नंबर वाचला. पप्पांनी रात्री जागून लिहिलेली यादी, आत्या रागावलेली, मी काय बोलणार? म्हटलं, मोठी माणसं आहेत, त्यांना कळत असेल." ती रडत नव्हती, ह्याचंच मला जास्त वाईट वाटलं. "तेव्हा बोलले असते तर आज मुंबईला असते. आता बोलते. मला ह्या कॉलेजात नाही जायचं. मला अलिबागला जायचंय."

मुरारी फाटकाजवळच्या कठड्यावर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर. एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मी त्याला ओळखते, अशा वेळी बोललं की हा उलटा फिरतो, म्हणून जीभ दाताखाली धरली. जन्मात कधी एवढी धरली नसेल. सेजल उभीच होती, फाइल छातीशी.

त्याने घड्याळ बघितलं. मग हायवेकडे बघितलं. मग कुणाला तरी फोन लावला. "दीपक, तुझी अलिबाग कुठं आली?... बरं. फाट्यावर हात करतू, थांबव. तिघं हाव." फोन खिशात टाकून उठला आणि आमच्याकडे न बघता चालायला लागला. "धा मिनिटात गाडी येतेय. फाट्यापतुर धा मिनिटंच लागतात. चला."

त्या प्रवासाचं काय सांगू? अडीच तासांचा रस्ता, आणि हायवेचं काम तर आमच्या जन्माला पुरलंय. एका पुलाशी गाडी वीस मिनिटं हलली नाही. मुरारी दर टप्प्याला मनाशी वेळ मोजत होता, ओठ हलत होते. तीन-पाच. तीन-चाळीस. वडखळला सव्वाचार. सेजल खिडकीशी, फाइलवर दोन्ही हात. माझ्या मनात नको ते येत होतं. डिग्री हातची सोडली आणि तिथे पाच वाजून गेले तर? पोर ना इकडची ना तिकडची. वर्ष जाणार, घरी बसणार, आणि कुणीतरी स्थळ घेऊन येणार. हा सगळा उपद्व्याप माझा. दीपक कंडक्टर दोनदा येऊन म्हणाला, "पोचतंय वैनी, पोचतंय." वहिनी नाही रे, बहीण आहे मी, असं सांगायचंही भान नव्हतं.

अलिबाग स्टँडला पाच वाजायला बावीस मिनिटं. रिक्षा. नर्सिंग स्कूलच्या ऑफिसात खिडकीशी पाच-सहा मुली अजून उभ्या होत्या. त्या दिसल्या तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

आतल्या मॅडम पन्नाशीच्या, चष्मा नाकावर. कागद भराभर तपासले. मग थांबल्या. "तुला डिग्रीची पण जागा लागलीय की. ती सोडतेयस?"

"हो मॅडम."

"नीट विचार केलाय? मागून रडत येतात मुली. डिग्री सोडून डिप्लोमा घेतेयस, कळतंय ना?"

"कळतंय."

"मग हे लिहून दे. आणि खाली वडिलांची सही."

छापील कागद होता. मी अमुक अमुक, मला मिळालेली बीएस्सी नर्सिंगची जागा स्वखुशीने सोडत आहे. कारण, आणि पुढे दोन ओळी रिकाम्या. पाच वाजायला नऊ मिनिटं. सेजलचं पेन तिथे थांबलं.

"घरगुती अडचण लिही," मी म्हटलं. सगळे तेच लिहितात, मी हजार वेळा लिहून दिलंय.

"आर्थिक लिव," मुरारी म्हणाला.

सेजलने दोघांचं ऐकून घेतलं. मग खाली वाकून लिहिलं, तिथल्या दवाखान्यात पेशंट नाहीत.

मॅडमनी कागद उलटा फिरवून वाचला. चष्मा काढला. "अगं बाई, असं लिहितात का कुठे? हा कागद वर जातो. दुसरा देते, साधं काहीतरी लिही."

सेजल काही बोलायच्या आत मुरारी पुढे झाला. त्याने कागद आपल्याकडे ओढला, ती एक ओळ वाचली, ओठ हलवत, दोनदा. मला वाटलं, फाडतो आता.

"ऱ्हाऊ दे मॅडम," तो म्हणाला. "खरं हाय ते." आणि सही केली, पूर्ण नावाची, मुरारी गणपत पार्टे.

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, सेजलकडे बघितलं, आणि शिक्का मारला. "इथे मात्र वॉर्ड रिकामा मिळायचा नाही हं," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून उभं राहावं लागतं. रडत बसायचं नाही."

"नाही रडणार," सेजल म्हणाली.

रडत मीच होते, त्या पोरींच्या रांगेत, तोंडात पदर कोंबून.